मागच्या खुर्चीत बसलेला माणूस

प्रश्न : मंत्र्यांच्या पत्रकार परिषदेत मागे बसून अधूनमधून चिठ्ठी पुढे सरकवणारे एक गृहस्थ टीव्हीवर दिसतात. ते माध्यम सल्लागार आहेत, असं बाबा म्हणाले. या पदासाठी परीक्षा असते का? तिथपर्यंत माणूस पोहोचतो कसा?
— पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, परभणी

उत्तर : तुम्ही पाहिलेले गृहस्थ दोनपैकी कुठल्याही वाटेने आलेले असू शकतात. एक वाट परीक्षेची आणि दुसरी बोलावण्याची.

परीक्षेची वाट सरळ आहे. केंद्रात भारतीय माहिती सेवा आहे. तिची ‘अ’ गटातली पदं लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेतून भरतात आणि निवड झालेल्यांचं प्रशिक्षण दिल्लीच्या भारतीय जनसंचार संस्थेत होतं. आपल्या राज्यात माहिती व जनसंपर्क महासंचालनालय आहे, ‘लोकराज्य’ काढणारं तेच. तिथल्या जिल्हा माहिती अधिकाऱ्यासारख्या पदांच्या जाहिराती एमपीएससी काढते. त्यांत पत्रकारितेची पदवी किंवा पदविका तर मागतातच, शिवाय प्रत्यक्ष कामाचा अनुभवही मागतात. याच खात्यातले अधिकारी पुढे मंत्रालयात विभागीय संपर्क अधिकारी म्हणून मंत्र्यांचं काम पाहतात. सरकार बदललं तरी यांची नोकरी राहते, फक्त टेबल बदलतं.

जिल्ह्याच्या या नोकरीला कमी लेखू नका. पावसाळ्यातलं कोल्हापूर डोळ्यांसमोर आणा. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात : 39 फूट म्हणजे इशारा, 43 फूट म्हणजे धोका. राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले की किती क्युसेक पाणी सुटलं, हे तासातासाला कळवायचं. तो आकडा माहिती कार्यालयातून पत्रकारांच्या ग्रुपवर जातो आणि तिथून गावोगावच्या मोबाइलवर. एक शून्य जास्त पडलं तर घबराट, एक कमी पडलं तर गोठ्यातली जनावरं सोडायला उशीर. पाठवण्याआधी आकडा पुन्हा एकदा पाहायचा, ही सवय जिल्ह्यातच लागते. पुढे मुंबई-दिल्लीत ती जन्मभर पुरते.

दुसरी वाट बोलावण्याची. तिला जाहिरात नाही, वयाची अट नाही. नेता एखाद्या पत्रकाराला बोलावतो आणि खुर्ची देतो. ती नेत्याच्या खुर्चीला बांधलेली असते. नेता गेला की बहुतेकदा हेही गेले.

एच. वाय. शारदाप्रसाद यांचंच पाहा. 1942 च्या आंदोलनात विद्यार्थी असताना ते तुरुंगात गेले. मग मुंबईत ‘इंडियन एक्स्प्रेस’, हार्वर्डची नीमन फेलोशिप, ‘योजना’चं संपादन, आणि 1966 मध्ये इंदिरा गांधींचं कार्यालय. पुढे राजीव गांधींबरोबरही ते राहिले. संजय बारू अर्थशास्त्राचे अभ्यासक. आर्थिक दैनिकांत संपादकी करून 2004 मध्ये मनमोहन सिंगांचे माध्यम सल्लागार झाले आणि 2008 मध्ये बाहेर पडून पुन्हा संपादकाच्या खुर्चीत बसले. दोघांनीही आधी वृत्तपत्रात नाव कमावलं होतं. मला हेच या वाटेचं मर्म वाटतं. पत्रकारांचा विश्वास हे या माणसाचं भांडवल, आणि ते या खुर्चीत बसल्यावर मिळत नाही, येताना बरोबर आणावं लागतं. एकदा जरी त्याने खोटं सांगितलं, तरी दुसऱ्या दिवसापासून त्याच्या फोनवर कुणी बातमी करत नाही.

खुर्ची सुटली तरी तिची सावली सुटत नाही, हेही ठाऊक असू द्या. कुलदीप नय्यर यांची सुरुवात उर्दू पत्रकारितेतून झाली. पुढे ते सरकारी माहिती अधिकारी झाले, गोविंद वल्लभ पंत आणि लालबहादूर शास्त्री यांच्याजवळ त्यांनी काम केलं. मग ते यूएनआय वृत्तसंस्थेत गेले. मे 1964 मध्ये नेहरू गेले आणि नय्यर यांनी बातमी दिली, की पंतप्रधानपदाच्या शर्यतीत मोरारजी देसाई पहिले उतरले आहेत. देश शोकात असताना ही घाई कशाला, असं काँग्रेसच्या अनेक खासदारांना वाटलं. त्याचा फायदा शास्त्रींना झाला. शास्त्रींना मदत करण्याचा आपला हेतू नव्हता, असं नय्यर यांनी पुढे लिहिलं, पण मोरारजींच्या माणसांना ते कधीच पटलं नाही. काल शास्त्रींच्या कार्यालयात बसणारा माणूस आज निव्वळ बातमीदार आहे, यावर त्यांनी विश्वास ठेवावा तरी कसा? याच नय्यर यांना 1975 च्या आणीबाणीत तुरुंगवास घडला आणि 1990 मध्ये ते लंडनला भारताचे उच्चायुक्त होऊन गेले.

त्या चिठ्ठीत काय असतं, असंही तुमच्या मनात आलं असेल. बहुतेकदा एखादा आकडा, समोरच्या पत्रकाराचं नाव, नाहीतर ‘यावर आज बोलू नका’ एवढे चार शब्द. हे चार शब्द साहेबांना आवडोत न आवडोत, लिहून पुढे सरकवायची छाती हवी. कौतुक करणारे भोवती पुष्कळ असतात. सकाळची कात्रणं समोर ठेवताना झोंबणारी बातमी सगळ्यांत वर ठेवतो, तो सल्लागार.

तुम्ही परभणीत आहात, तर एक करा. जिल्हा माहिती कार्यालयातून रोजची प्रेसनोट मिळवा. दुसऱ्या दिवशी चार दैनिकं घेऊन बसा आणि तिच्यातलं काय छापलं, काय गळालं, कुठल्या वाक्याचा मथळा झाला, ते लाल पेनाने खुणा करून पाहा. महिनाभर पाहिलंत की एके दिवशी तीच प्रेसनोट स्वतः नव्याने लिहा आणि तिथल्या अधिकाऱ्यांना दाखवा.