खरी काटकसर

संगणकातील आकडेमोड प्रोसेसर करतो. परंतु तो मदरबोर्ड नावाच्या फलकावरील सॉकेटमध्ये बसवावा लागतो. प्रत्येक प्रोसेसर प्रत्येक फलकावर चालत नाही. केवळ प्रोसेसर स्वस्त पाहून घेतला, तर 'चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला' अशी गत होते.

ऑक्टोबर २०१७ मध्ये इंटेलचे नवे प्रोसेसर आले. सॉकेटचा आकार तोच होता. तरीही त्यांच्यासाठी नवा मदरबोर्ड घ्यावा लागे. याउलट, त्याच वर्षी घेतलेल्या एएमडीच्या 'एएम४' सॉकेटच्या अनेक मदरबोर्डांवर, त्यांची मूळ आज्ञावली सुधारून घेतल्यावर, २०२२ सालचे प्रोसेसरही चालले. जुना फलक वाया गेला नाही.

ज्याच्यापाशी पैसा मोजका, त्याने आजची किंमत पाहावी आणि उद्याची सोयही पाहावी. खरी काटकसर ती हीच!