निजामाशी एकनिष्ठ राहिलेली माणसे

परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यात चारठाणा हे पुरातन गाव आहे. यादवकालीन मंदिरे व उंच कोरीव दगडी स्तंभ यांसाठी ते प्रसिद्ध आहे. अनेक राजवटी पाहिलेले हे गाव सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबादच्या निजामाच्या अमलाखाली होते.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी भारत स्वतंत्र झाला. परंतु निजाम मीर उस्मान अली खान याने भारतात सामील होण्यास नकार दिला. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली प्रजेने लढा आरंभिला. लातूरचा वकील कासिम रझवी याच्या रझाकारांनी खेडोपाडी जुलूम मांडला. मराठवाड्यातील असंख्य कुटुंबांनी रातोरात घरे सोडून सरहद्दीपलीकडे आश्रय घेतला. या लढ्याची कथा मुलांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली असते. निजामाशी एकनिष्ठ राहिलेल्यांची कथा मात्र क्वचितच कोणी सांगतो.

एकनिष्ठ म्हणजे सारेच रझाकार नव्हेत. तहसील कचेरीतील कारकून, पोलीस शिपाई, जागीरदारांचे नोकर अशी ही माणसे होती. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी सरकारचे मीठ खाल्ले होते. त्यांत हिंदूही होते. खुद्द उपपंतप्रधान पिंगळी वेंकटराम रेड्डी हे हिंदूच! उलट, विलीनीकरणाचा पुरस्कार करणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान मुसलमान होते. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांची हत्या झाली. धर्मावरून निष्ठा ओळखू पाहणारे तेव्हाही फसले.

१३ सप्टेंबरला भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ तारखेस निजाम शरण आला. गावोगाव आनंद झाला. पण त्यामागोमाग सूडाची लाटही उसळली. रझाकारांच्या अपराधांची शिक्षा निरपराध मुसलमान कुटुंबांना भोगावी लागली. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने मृतांचा आकडा २७ ते ४० हजार असावा, असा अंदाज केला. उस्मानाबाद (आजचा धाराशिव) व नांदेड हे जिल्हे विशेष होरपळले. कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या. कोणी हैदराबाद शहर गाठले, कोणी पाकिस्तान. कोणी शेत धरून गावातच राहिले. एकाच घरातील माणसांमध्ये देशांची सीमा आली.

पंतप्रधान लायक अली १९५० मध्ये नजरकैदेतून निसटून पाकिस्तानात गेला. रझवीही १९५७ मध्ये तुरुंगातून सुटताच तिकडेच गेला. निजाम मात्र हैदराबादेतच राहिला आणि १९५० पासून १९५६ पर्यंत त्याच राज्याचा राजप्रमुख होता.