तार संपते तेथून पुढे

रेल्वे स्थानकात किंवा एखाद्या वाचनालयात 'मोफत वायफाय' अशी पाटी तुम्ही पाहिली असेल. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकावर अशी सोय सुरू झाली आणि पुढे ती देशातील हजारो स्थानकांवर पोहोचली. आरंभ स्थानकांपासूनच का केला असावा? रुळांच्या कडेने प्रकाशीय तंतूंच्या तारा आधीच पुरलेल्या होत्या, हे त्याचे एक मोठे कारण. 'बिनतारी' हे नाव तसे थोडे फसवेच आहे. भिंतीवरील पेटीपासून तुमच्या हातातील फोनपर्यंतचे शेवटचे पन्नास-शंभर पावलांचे अंतर तेवढे बिनतारी; त्यामागचा बहुतेक सारा प्रवास तारेतूनच झालेला असतो.

मग जेथे तार नाही तेथे काय करावयाचे? मार्च २०२० मध्ये शाळा बंद होऊन वर्ग फोनवर आले, तेव्हा हा प्रश्न साऱ्यांनाच बोचला. आमच्या पडेगावसारख्या शहराच्या कडेच्या वस्तीत घरात फोन एक आणि शिकणारी भावंडे तीन, अशी स्थिती होती. डोंगरातल्या पाड्यांवर तर फोन असूनही त्यात काही येत नसे.

ग्रामपंचायतींपर्यंत तंतू नेण्याची योजना २०११ साली मंजूर झाली. तिला आज 'भारतनेट' म्हणतात. परंतु ग्रामपंचायतीपासून पाडा दोन-पाच किलोमीटर दूर असतो, आणि मध्ये ओढा, चढ आणि झाडी. खरी अडचण या मधल्या टप्प्याची आहे. तो ओलांडण्याचा एक प्रयोग मुंबईच्या आय.आय.टी.ने पालघर जिल्ह्यातील खोडाळा परिसरात केला. प्रा. अभय करंदीकर आणि त्यांचे सहकारी यांनी त्यासाठी दूरचित्रवाणीच्या लहरी वापरल्या. कसे ते पाहू.

आपल्याकडे ४७० ते ५९० मेगाहर्ट्झ हा पट्टा दूरचित्रवाणीसाठी राखलेला आहे. त्यात प्रत्येकी ८ मेगाहर्ट्झच्या १५ वाहिन्या बसतात. याच मंडळींनी हिशेब केला तेव्हा असे दिसले, की देशात जवळजवळ सर्वत्र १५ पैकी किमान १२ वाहिन्या रिकाम्याच पडून आहेत! या रिकाम्या जागेतून त्यांनी सात गावांपर्यंत इंटरनेट नेले.

हाच पट्टा सोयीचा का? ३०,००० या संख्येला मेगाहर्ट्झमधील वारंवारतेने भागा, म्हणजे तरंगलांबी सेंटिमीटरमध्ये मिळते. ५०० मेगाहर्ट्झची लहर ६० सेंटिमीटर लांब, वायफायची २,४०० मेगाहर्ट्झची लहर १२.५ सेंटिमीटर, तर ५,८०० मेगाहर्ट्झची जेमतेम ५.२ सेंटिमीटर. आखूड लहर पानापानांवर विखुरते आणि पानांतील पाण्यात शोषली जाते. लांब लहर झाडीतून बरीचशी पार होते आणि अडथळ्याच्या कडेवरून थोडी वळतेही. सह्याद्रीच्या उतारावर याचे महत्त्व सांगावयास नको.

मग सगळीकडे हेच का करीत नाहीत? कारण या पट्ट्याला सरकारी परवाना लागतो आणि त्याची यंत्रेही बाजारात सहज मिळत नाहीत. उलट २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून, आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचा मोठा भाग २०१८ पासून परवानामुक्त आहे. ठरलेल्या शक्तीच्या मर्यादेत तो कोणीही वापरावा. तेथील यंत्रे स्वस्त असतात. म्हणून पुढे त्याच भागात ५.८ गिगाहर्ट्झच्या लहरींनी सुमारे २५ गावे जोडण्यात आली. 'ग्राममार्ग' या नावाच्या त्या कामाला २०१७ साली मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत पहिले पारितोषिक मिळाले. माझ्या मते परवानामुक्त पट्टा हा गावच्या गायरानासारखा आहे: कोणा एकाचा नाही, म्हणूनच गरिबाच्या उपयोगी पडतो.

मात्र आखूड लहरीला समोरचा मार्ग मोकळा हवा. नुसते एका खांबावरून दुसरा दिसला म्हणजे झाले, असे नाही. लहर रेषेतून जात नाही. दोन खांबांमध्ये काकडीच्या आकाराची जागा तिला लागते. फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रेनेल याचे नाव त्या जागेला दिले आहे. तिची मध्यावरील त्रिज्या काढणे सोपे आहे: तरंगलांबी आणि एकूण अंतर मीटरमध्ये घेऊन गुणा, वर्गमूळ काढा आणि त्याचे निम्मे करा. अंतर ५ किलोमीटर आणि तरंगलांबी ०.०५२ मीटर घेतल्यास उत्तर सुमारे ८ मीटर येते. म्हणजे वाटेतील आंब्याचा शेंडा दृष्टिरेषेच्या तीन-चार मीटर खाली असला तरी संदेश क्षीण होतो. पडेगावच्या एखाद्या गच्चीवरून दौलताबादच्या दिशेला पाहा आणि असा खांब किती उंच लागेल याचा अंदाज बांधा.

पाड्यावर इंटरनेट पोहोचले तरी ते सर्वांनी वाटून घ्यावयाचे असते. सेकंदाला १०० मेगाबिट एवढा प्रवाह ४० जणांत वाटला, तर प्रत्येकाच्या वाट्याला २.५ येतात. पाठ ऐकण्यास ते पुरेत. पण दोघातिघांनी सिनेमे उतरवून घेण्यास सुरुवात केली की बाकीचे ताटकळतात. (आणि अशा सार्वजनिक ठिकाणी बँकेचा व्यवहार करू नका, घरच्यांनाही करू देऊ नका.) विजेचा विचारही हवा. खांबावरील यंत्र समजा १० वॅटचे आहे. सहा तासांच्या भारनियमनात त्याला ६० वॅट-तास ऊर्जा लागेल. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची लहान बॅटरी भरलेली असताना ८४ वॅट-तास देते, तेवढ्याने भागते.

आता एक प्रयोग. फोनमध्ये वायफायची तीव्रता डीबीएम या एककात दाखवणारे मोफत ॲप मिळते. शाळेच्या मोकळ्या मैदानाकडील खिडकीत वायफायची पेटी ठेवून ५, १०, २० आणि ४० मीटरवर नोंदी घ्या. अंतर दुप्पट झाले की तीव्रता चौथाई होते, म्हणजे आकडा सुमारे ६ ने उतरावा: उणे ५० चे उणे ५६. जमिनीवरून परावर्तित होणाऱ्या लहरींमुळे तो नेमका तेवढा येणार नाही. म्हणून प्रत्येक जागी पाच नोंदी घेऊन सरासरी काढा. नंतर मध्ये कडुलिंबाची पानांनी भरलेली फांदी धरा, तीच फांदी पाण्याने भिजवून पुन्हा धरा, आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा.