घरच्या संगणकावर ध्वनिमुद्रण : नवोदितांनी काय निवडावे?

कोल्हापूरची संगीतपरंपरा जुनी आहे. गायन समाज देवल क्लबची स्थापना येथे १८८३ साली झाली. १९३२ साली 'प्रभात'ने 'अयोध्येचा राजा' हा बोलपट येथेच निर्माण केला. त्याचे संगीत गोविंदराव टेंबे यांचे होते. त्या काळी ध्वनिमुद्रणास मोठी यंत्रसामग्री लागे. आज ते घरच्या संगणकावर शक्य झाले आहे. मात्र त्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, हा प्रश्न नवोदितांपुढे उभा राहतो.

त्याचे उत्तर किमतीत नसून गरजेत आहे. गायन मुद्रित करून काटछाट करावयाची असल्यास विनामूल्य 'ऑडॅसिटी' पुरेसे ठरते. तबला, संवादिनी व गायन स्वतंत्रपणे मुद्रित करून जुळवावयाचे असल्यास 'रीपर' उपयुक्त आहे. ते प्रथम ६० दिवस वापरून पाहता येते. संगणकावरच ताल व वाद्यमेळ रचू इच्छिणाऱ्यांस 'एफएल स्टुडिओ' सोयीचे आहे. परंतु त्याच्या चाचणी आवृत्तीत जतन केलेले काम खरेदीखेरीज पुन्हा उघडत नाही, हे ध्यानी ठेवावे.

ख्यालगायकाने आणखी एक दक्षता घ्यावी. अशी बहुतेक सॉफ्टवेअर एकसमान गती गृहीत धरतात. ख्यालाची लय मात्र हळूहळू वाढत जाते. म्हणून मेट्रोनोमचे ठोके बंद ठेवून, तबल्याच्या साथीनेच मुद्रण करावे.

पैसे मर्यादित असल्यास ते प्रथम चांगल्या मायक्रोफोनसाठी राखून ठेवावेत. मूळ मुद्रणच सदोष असल्यास महागडे सॉफ्टवेअरही त्याची भरपाई करू शकत नाही. साधन कोणतेही असो, रियाजाला पर्याय नाही.