कोरोनानंतर बसलेला आवाज

2021 च्या दुसऱ्या लाटेनंतर एक शिक्षिका माझ्याकडे आल्या. कोरोनातून उठून दोन महिने झाले तरी आवाज घोगराच होता. ‘अशक्तपणा असेल’ म्हणून त्या थांबल्या होत्या. दुर्बिणीतून पाहिले, तो डावा स्वरतंतू निश्चल!

या संसर्गाने स्वरयंत्राला सूज येते, क्वचित त्याची नस दुर्बल होते; व्हेंटिलेटरच्या नळीनेही इजा होते. परंतु डाव्या स्वरतंतूची नस छातीतून वळसा घेऊन येते. म्हणून मान व छातीचा सीटी स्कॅन केला. सुदैवाने तो निर्दोष निघाला. स्वरोपचारांनी काही महिन्यांत त्या पुन्हा वर्गात शिकवू लागल्या.

समव्यवसायी बंधुभगिनींना विनंती : आवाज चार आठवड्यांत न सुधारल्यास केवळ कोरोनाला दोष देऊन थांबू नये, स्वरयंत्र अवश्य तपासावे.