केस कापायला आज कितवी?

आमच्या हॉस्टेलवर मुंडगोडच्या वसाहतीतला एक तिबेटी मुलगा होता. एका रविवारी आम्ही सगळे केस कापायला निघालो, तर तो म्हणाला, "आज नको, आज सतरा आहे." मोबाईलवर तारीख भलतीच! आम्ही त्याला आठवडाभर चिडवलं. पुढे त्यानेच सगळं समजावलं, तेव्हा आम्ही ओशाळलो.

तिबेटी महिना चांद्र असतो. आपण शुद्ध आणि वद्य असे दोन पक्ष मोजतो. ते १ ते ३० सलग मोजतात. पौर्णिमा १५, अमावास्या ३०. म्हणजे त्याची १७ ही साधारण आपली वद्य द्वितीया. आपल्या क्षय-वृद्धी तिथींसारखे त्यांच्याकडेही काही दिवस गळतात, काही दोनदा येतात. हे साम्य उगीच नाही. त्यांच्या कालगणनेचा मोठा आधार असलेलं कालचक्रतंत्र भारतातूनच तिकडे गेलं; ६० वर्षांचं त्यांचं पहिलं चक्र १०२७ पासून धरतात.

आपल्याकडे केस कापताना वार बघतात: मंगळवार नको, शनिवार नको. तिबेटी यादीत प्रत्येक तिथीचं वेगळं फळ असतं. प्रचलित यादीप्रमाणे ३ ला धन, ८ ला दीर्घायुष्य, ११ ला बुद्धी वाढते. १ ला आयुष्य घटतं, १७ ला डोळ्यांना अपाय, १८ ला मालमत्तेचं नुकसान. तिथी आणि शरीर यांचं नातं त्यांच्या वैद्यकातही आहे. 'ला' नावाची प्राणशक्ती तिथीगणिक शरीरात जागा बदलते आणि पौर्णिमेला सर्वांगात पसरते, असं ते मानतात. ती जिथे असेल तिथलं रक्त त्या दिवशी काढत नाहीत.

केस कापल्याने डोळे बिघडत नाहीत, हे त्या मित्रालाही ठाऊक होतं. तो विज्ञानाचाच विद्यार्थी. मग पाळायचं कशाला? तो म्हणाला, "आजी फोनवर विचारते, आज कितवी? उत्तर द्यायला तिथी माहीत हवी ना!"

ल्हासात १९१६ साली स्थापन झालेली वैद्यक-ज्योतिष संस्था मेन-त्सी-खांग १९६१ मध्ये धरमशालेत पुन्हा उभी राहिली. तिथून दरवर्षी पंचांग निघतं. देश सुटला, पण दिवस मोजायची रीत त्यांनी सोडली नाही.

रूढी तपासून बघा, पटली नाही तर पाळू नका. पण हसण्याआधी ती कोण, कशासाठी जपतंय, एवढं विचारा. पुढच्या बैठकीला घरचं पंचांग घेऊन या. त्या दिवसाची तिबेटी तिथी काढून बघू.