मेजातून येणारी वीज

माझा पुतण्या पुण्यातील एका कचेरीत नोकरीस आहे. मागील वर्षी काही कामानिमित्त मी त्याच्याकडे गेलो होतो. माझ्या मोबाइलची बॅटरी संपत आली होती, म्हणून मी त्याच्यापाशी चार्जरची तार मागितली. तो हसून म्हणाला, "काका, तारेची गरज नाही. फोन नुसता मेजावर ठेवा." मेजाच्या लाकडी पृष्ठभागावर एक लहानसे वर्तुळ आखलेले होते. त्यावर फोन ठेवून मी पुस्तक उघडले आणि वाचनात गढून गेलो. त्या दुपारी माझी थोरली बहीण आगगाडीने येणार होती व स्थानकावर उतरताच मला फोन करणार होती. तासाभराने पाहतो तो फोन बंद! बिचारी ताई सामानासह फलाटावर ताटकळत बसली होती. पुस्तक सरकवताना माझ्याच हाताने फोन वर्तुळापासून तीन बोटे बाजूला गेला होता.

तीन बोटांच्या अंतराने एवढा घोटाळा का व्हावा? याचे उत्तर शोधण्यासाठी आपणांस सुमारे दोनशे वर्षे मागे, लंडन शहरी जावे लागेल.

मायकेल फॅरडे हा एका लोहाराचा मुलगा. त्याचा जन्म 1791 सालचा. घरची गरिबी असल्यामुळे तो चौदाव्या वर्षी एका पुस्तकबांधणी करणाऱ्याकडे उमेदवारी करू लागला. बांधणीसाठी आलेली पुस्तके तो वाचून काढी. विजेची गोडी त्याला तेथेच लागली. पुढे 1820 साली डेन्मार्कमधील ऑर्स्टेड या शास्त्रज्ञास असे आढळून आले, की तारेतून वीज वाहू लागताच जवळची चुंबकसूची हलते. म्हणजे विजेपासून चुंबकत्व मिळते. मग चुंबकत्वापासून वीज का मिळू नये? हा प्रश्न फॅरडेच्या मनात घर करून राहिला.

29 ऑगस्ट 1831 या दिवशी त्याने एका लोखंडी कड्याच्या दोन बाजूंना तारेची दोन निरनिराळी वेटोळी गुंडाळली. ही वेटोळी एकमेकांस कोठेही जोडलेली नव्हती. एका वेटोळ्याला त्याने विद्युत्घट जोडला व दुसऱ्याची तार चुंबकसूचीवरून नेली. घट जोडताच सूची थरारली आणि पुन्हा स्थिर झाली. घट काढताच ती पुन्हा थरारली. मधल्या काळात पहिल्या वेटोळ्यातून वीज अखंड वाहत होती, परंतु सूची निश्चल! एखाद्या उतावळ्या माणसाने "प्रयोग फसला" असे म्हणून कडे बाजूला टाकले असते. फॅरडेने मात्र त्या क्षणिक थरारातील मर्म ओळखले. दुसऱ्या वेटोळ्यात वीज उत्पन्न होते, ती चुंबकत्व असते म्हणून नव्हे, तर ते बदलते म्हणून. यालाच विद्युत्-चुंबकीय प्रवर्तन असे म्हणतात. तुमच्या गल्लीतील खांबावरचे रोहित्र याच तत्त्वावर चालते.

आता त्या मेजाकडे वळू. वर्तुळाच्या खाली तांब्याच्या तारेचे एक चपटे वेटोळे दडवलेले असते. तसेच दुसरे वेटोळे फोनच्या पाठीत असते. मेजातील वेटोळ्यातून वाहणारी वीज दर सेकंदास लाखाहून अधिक वेळा दिशा पालटते. साहजिकच तिच्याभोवतीचे चुंबकत्वही तितक्याच वेगाने बदलत राहते व फोनमधील वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. ही वीज एकाच दिशेने वाहील असे करून मग ती बॅटरीस दिली जाते. मधले लाकूड या कामात अडथळा आणत नाही. मात्र अंतर वाढले, की परिणाम झपाट्याने क्षीण होतो; म्हणून दोन्ही वेटोळी अगदी जवळ आणि समोरासमोर हवीत. माझा फोन का भरला नाही, हे आता तुमच्या ध्यानी आलेच असेल.

फोनखाली एखादे नाणे राहिले तर ते तापू लागते, कारण बदलते चुंबकत्व धातूतही वीज खेळवते. इंडक्शनच्या शेगडीवर भांडे तापते ते असेच. यासाठी चांगल्या चार्जरमध्ये अशी धातूची वस्तू ओळखून वीज थांबविण्याची सोय केलेली असते. तारेने चार्ज करण्यापेक्षा या रीतीत वीज अधिक वाया जाते, हा दोष मात्र मान्य केला पाहिजे.

2014 साली अमेरिकेतील स्टारबक्सच्या उपाहारगृहांत आणि स्वीडनमध्ये स्थापन झालेल्या आयकिया या कंपनीच्या मेजांत व दिव्यांत 2015 साली अशी सोय आली. पण गंमत अशी, की दोघांच्या पद्धती वेगळ्या होत्या! एका पद्धतीच्या मेजावर दुसऱ्या पद्धतीचा फोन ठेवला तर तो उपाशीच राहावयाचा. आयकियाने स्वीकारलेल्या पद्धतीचे नाव 'ची'. चिनी भाषेत या शब्दाचा अर्थ जीवनशक्ती असा आहे. आपणांस मात्र षष्ठीचा प्रत्ययच आठवावयाचा! 2017 साली ॲपल कंपनीने आपल्या फोनसाठी 'ची' पद्धत निवडली आणि पुढच्याच वर्षी प्रतिस्पर्धी पॉवरमॅट कंपनीही तिच्या मंडळात सामील झाली. फोन बाजूला सरकू नये म्हणून वेटोळ्याभोवती चुंबकांचे कडे बसवण्याची रीतही 2023 साली 'ची'च्या नव्या आवृत्तीत आली.

हे सर्व मी ताईला मोठ्या उत्साहाने समजावून सांगितले. तिने ते शांतपणे ऐकून घेतले. परवा ती पुन्हा आली, तेव्हा तिच्या पिशवीत दोन हात लांबीची चार्जरची तार होती. "ही तुझ्यासाठी," ती म्हणाली.